आत्याला फक्त शेवट माहीत असतात

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. कारण आत्याबद्दल लिहायचं म्हणजे त्या पिक्चरबद्दल लिहायचं, त्या पिक्चरबद्दल लिहायचं म्हणजे त्याचा शेवट सांगायचा, आणि शेवट सांगण्यावरूनच तर आमच्या घरात एवढा गोंधळ झाला की आई म्हणाली, "आता या घरात कुणी कशाचाही शेवट सांगायचा नाही. भांडी घासून झाली हेसुद्धा सांगायचं नाही." पण तो पिक्चर गुरुवारी उतरतोय. आणि मला राहवत नाहीये. तर ज्यांना तो अतिरेक्यांचा पिक्चर अजून बघायचाय त्यांनी इथेच थांबा, बघून या, मग वाचा. मी सांगितलं नाही असं नंतर म्हणू नका.

माझी आत्या डोअरकीपर आहे. बाजारामागच्या जुन्या थिएटरात, तीन नंबरच्या दारावर. माझ्या जन्माच्या आधीपासून. सगळे तिला 'बॅटरी' म्हणतात, कारण तिच्या हातातली ती लांबुडकी चंदेरी बॅटरी ती कधी खाली ठेवत नाही. घरी भरदिवसा पलंगाखालचं काही शोधायचं असलं तरी आधी खिडकी उघडायचं सोडून बॅटरी लावते. मी उशिरा घरी आले की लाइट लावत नाही, बॅटरीचा झोत पायावर टाकते आणि म्हणते, "या. रांग तिसरी."

तिचं काम ऐकायला सोपं वाटतं, पण नाहीये. पिक्चर सुरू झाला की उशिरा येणारे लोक येतात, अंधारात आंधळ्यासारखे. त्यांना आत्या जागेवर नेते. कशी? उलटी चालत. म्हणजे तोंड लोकांकडे, पाठ पडद्याकडे, आणि उजेड त्यांच्या पावलांवर. पायरीगणिक. एवढ्या वर्षांत ती एकदाही पडलेली नाही. लोक पडलेत. सगळे जागेवर बसले की ती बाहेर, दार बंद, स्टुलावर. बिनतिकिटाचा कुणी आत घुसू नये म्हणून. मग एकदम शेवटची दहा मिनिटं राहिली की पुन्हा आत, दाराच्या पडद्याला लागून, अडसरावर हात ठेवून उभी. दिवे लागले की अडसर वर, दार उघडं, लोक बाहेर.

आता विचार करा. सुरुवातीला ती लोकांच्या चपला बघते. मधलं सगळं ती स्टुलावर. राहता राहिला शेवट.

म्हणजे माझ्या आत्याने जगातल्या कुणापेक्षाही जास्त शेवट बघितलेत आणि सुरुवात एकाचीही नाही. लग्न का नाही केलंस असं मी एकदा मूर्खासारखं विचारलं होतं, तर म्हणाली, "सुरुवात कशी करतात तेच मला कधी बघायला मिळालं नाही गं." आणि खो खो हसली. घरी टीव्हीवर बघ ना, म्हटलं, तर म्हणते, "घरी पिक्चर बघायचा म्हणजे शिंप्याने घरी येऊन टाके घालायचे. मला सुट्टी नको?"

माणसं ती चेहऱ्याने ओळखत नाही, पायांनी ओळखते. माझा एक मित्र घरी आला तेव्हा त्याने छान हसून नमस्कार केला, तर ही खाली बघून म्हणाली, "तू तो ना, डाव्या बुटाची नाडी सोडून येतोस? गेल्या वेळी वेगळी मुलगी होती." तो मित्र आता मित्र नाहीये.

तर असा हा पिक्चर लागला. हिंदी, मोठा, दोन महिने आधीपासून त्याची हवा. अतिरेकी, बॉम्ब, पळापळी, गुप्तहेर. थिएटरचे मॅनेजर, ज्यांना सगळे पाठीमागे 'हाऊसफुल्ल' म्हणतात कारण तो बोर्ड ते स्वतःच्या हाताने लावतात आणि लावताना बाळाला टोपी घालावी तसा चेहरा करतात, त्यांनी पहिल्याच दिवशी तो बोर्ड चार वेळा पुसून घेतला. ते स्वतः पिक्चर बघत नाहीत. कुठलाच. त्यांचं म्हणणं, "मी खुर्च्या बघतो. खुर्च्या भरल्या की पिक्चर चांगला."

आणि तीन नंबरच्या दारातून लोक बाहेर पडायला लागले, तोंडात मतं घेऊन. आत्या म्हणते, पिक्चर संपल्यावर पहिल्या दहा पावलांत माणूस जे बोलतो ते खरं. नंतर तो घरी सांगायला मत तयार करतो. ती पहिली दहा पावलं सगळी हिच्यासमोरून जातात, आणि ही आम्हाला जेवताना नकलांसकट ऐकवायची.

शिंपी म्हणाला, "त्या अतिरेक्याचं जॅकेट बघितलंत? खांदा केवढा उतरलाय! आत बॉम्ब लपवायचाय ना, मग आधी बाही तरी नीट बसवा."

बसचा कंडक्टर म्हणाला, "मागच्या सीटखाली बॉम्ब ठेवला म्हणे. अहो, त्या सीटखाली चाक येतं! तिथे माझी पिशवी राहत नाही."

दाताचा डॉक्टर म्हणाला, "तळघरात महिनोन्महिने कोंडलेला माणूस आणि दात बघा! मला भीतीच वाटली नाही. मला कौतुक वाटलं."

एक बाई नवऱ्याला म्हणाली, "तो पोलीसवाला बॉम्बची वायर कापायला निघाला तरी त्याने आधी घरी फोन केला. तुम्ही कोपऱ्यावर दूध आणायला जाता आणि फोन उचलत नाही." नवरा म्हणाला, "त्याला परत यायचं नव्हतं म्हणून केला."

आणि एक आजोबा थांबून आत्याच्या कानात म्हणाले, "मी झोपलो होतो. पण पिक्चर चांगला आहे. आवाजाने सारखी जाग येत होती."

हे सगळं ठीक. पण आत्याचं स्वतःचं पण मत होतं ना! आणि तिचं मत म्हणजे एकदम ठाम. ती रोज चार वेळा बघत होती ती शेवटची दहा मिनिटं अशी: एक दाढीवाला, डोळे लाल, एका तरुण पोलीस मुलीला थोबाडीत मारतो, खोलीत ढकलतो, बाहेरून कडी घालतो. बॉम्बने भरलेली लॉरी घेऊन सुसाट निघतो. गावाबाहेर कोरड्या नदीत लॉरी उडते. मग एक स्वच्छ दाढी केलेला, पांढऱ्या शर्टातला, सज्जन माणूस रडत असतो आणि पोलीस येऊन त्यालाच बेड्या घालतात. संपलं.

"काय अन्याय!" आत्या ताटावर चमचा आपटायची. "मरायचा तो हरामखोर मरून गेला आणि पकडलं कुणाला, तर त्या बिचाऱ्या गुळगुळीत माणसाला! रडत होता गं तो. लहान मुलासारखा."

मी तेव्हा पिक्चर बघितला नव्हता, परीक्षा चालू होती. मला वाटलं, असेल. बाबा म्हणाले, "ताई, असं कसं दाखवतील?" तर म्हणाली, "तू गप रे. तू पावणेदोन तास झोपतोस आणि गाणं लागलं की उठतोस. शेवट माझ्याइतके कुणी बघितलेत?"

बाबांनी मान खाली घालून भात कालवला.

त्या दाढीवाल्याचा एवढा राग की दारापाशी काचेच्या चौकटीत जे पोस्टर होतं, त्यावर त्याचा मोठा चेहरा होता, त्याच्या बरोबर डोक्यावर चौकटीचा खिळा, तर आत्या आपलं पुसायचं फडकं त्या खिळ्याला टांगायची. चेहराच दिसायला नको. आणि रांगेतल्या कुणी विचारलं, "बाई, कसा आहे हो पिक्चर?" की ही सुरू: "पिक्चर झकास. पण त्या दाढीवाल्यावर विश्वास ठेवू नका. मेला एक नंबरचा हरामखोर. शेवटी मरतो, तेवढंच समाधान. आणि तो पांढऱ्या शर्टवाला दिसेल ना, तो देवमाणूस."

लोक हसायचे, तिकीट फाडून घ्यायचे, आत जायचे. आणि अडीच तासांनी बाहेर येताना हिच्याकडे बघून वेगळंच हसायचे. कंडक्टर तर म्हणाला, "बाई, तुम्ही पण ना!" आणि हात जोडून गेला. आत्याला वाटलं, आपलं मत पटलं.

मग तो रिव्ह्यूवाला आला. काठीला मोबाइल लावून फिरतो ना, "काय मित्रांनो कसे आहात" म्हणणारा, तो. पिक्चर बघायच्या आधीच त्याने दारावर आत्याला गाठलं. आत्याने आपलं नेहमीचं ऐकवलं, कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्या बुटांकडे बघत. त्याने संध्याकाळपर्यंत ते टाकलंसुद्धा. वर लाल अक्षरांत: 'थिएटरच्या डोअरकीपरनेच फोडला शेवट!'

बघता बघता पसरलं. दुसऱ्या दिवशी हाऊसफुल्ल साहेबांनी आत्याला केबिनमध्ये बोलावलं. आत्या सांगते, केबिनमध्ये बोलावणं म्हणजे एक तर लग्नाचं आमंत्रण, नाही तर नोकरी गेली.

"बाई, कंपनीचा फोन आला होता. पिक्चरवाल्यांचा. म्हणतात, तुमची बाई शेवट विकतेय."

"विकत कुठे? फुकट सांगतेय."

"विनोद नको. मंगळवारी त्यांचा माणूस येतोय सहाच्या शोला. मंगळवारी तुमची सुट्टी आहे ते बरं आहे, त्याला तोंड दाखवू नका. तो म्हणेल तसं करावं लागेल मला. तसं झालं तर तुम्हाला सायकल-स्कूटर स्टँडवर टाकीन."

"स्टँडवर?"

"पगार तोच."

आत्या घरी आली आणि जेवायला बसली नाही. तुम्हाला वाटेल, पगार तोच, उन्हात छत्री असते, काय बिघडलं? पण तिने बॅटरी टेबलावर ठेवली. खाली. हातातून. आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे.

"स्टँडवर बॅटरी कशाला लागते?" आत्या म्हणाली. "तिथे सगळं दिसतंच."

मी जागच्या जागी ठरवलं, मी उद्याच पिक्चर बघते, काहीतरी मुद्दा काढते, त्या मॅनेजरला तोंडावर सांगते. मी अशीच आहे, आत्या मला 'घाई' म्हणते ते उगाच नाही. दुसऱ्या दिवशी शेवटचा पेपर दिला, तशीच धावत दुपारचा शो गाठला, बघितला. आणि शेवटाकडे येता येता मी खुर्चीतच उठून उभी राहिले. मागचा माणूस ओरडला, "बस गं, बॉम्ब पुढे आहे!"

कारण तो दाढीवाला अतिरेकी नव्हताच! तो गुप्तहेर होता. वर्षानुवर्षं त्यांच्यात राहून त्यांच्यासारखा झालेला. स्वतःच्या आईने त्याच्या फोटोवर थुंकलेलं, तरी तोंड उघडलं नाही त्याने. त्या मुलीला त्याने कोंडलं ते ती लॉरीत चढू नये म्हणून. आणि तो पांढऱ्या शर्टवाला रडका देवमाणूस, तोच तर सगळ्यांचा म्होरक्या! हे कळतं कधी? शेवटच्या दहा मिनिटांच्या जस्ट आधी. आत्या तेव्हा स्टुलावर असते.

मी थेट घरी. चपला न काढता स्वयंपाकघरात. आत्या त्या दिवशी दारावर गेलीच नव्हती, लसूण सोलत होती.

"आत्या! तू शेवट फोडलाच नाहीस! तुझ्यावर आरोपच होऊ शकत नाही! तुला शेवट कळलेलाच नाहीये!"

मला वाटलं, ती नाचेल. मी एका दमात सगळं सांगितलं, कोण कोण होतं ते. ती लसणाची पाकळी हातात धरून तशीच बसली.

"कळलेला नाही," ती म्हणाली.

"हो! म्हणजे—"

"एवढी वर्षं शेवट तेवढे माझे होते गं."

आई मला डोळ्यांनी म्हणाली, मूर्ख आहेस. पण आता बाण सुटला होता. आत्या पाकळ्या मांडत गेली आणि एकेक विचारत गेली. "मग तो म्हातारा? समुद्रात घड्याळ फेकतो तो? तो वेडा झालेला नव्हता?"

बाबांनी दारातूनच हळूच सांगितलं, "ताई, त्या घड्याळात चोरीचे हिरे होते. तो सुधारला होता."

"आणि ती निळ्या फ्रॉकमधली? विहिरीत वाकते आणि पिक्चर संपतो? मी आठ दिवस रडले होते तिच्यासाठी."

"ती हाक मारून बघते, ताई. तिचा आवाज गेलेला असतो, तो परत येतो. आनंदाचा शेवट आहे."

"आनंदाचा?" आत्याने लसूण बाजूला सारला. "आठ दिवस, अरे!"

आणि मग ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "घाई, मंगळवारची दोन तिकिटं काढ. सहाच्या शोची."

"सहाच्या? त्या शोला तर तो कंपनीचा माणूस—"

"स्टँडवर जायचंच असेल तर एक पिक्चर तरी पुरता बघून जाते."

मंगळवारी ती ओढणीने तोंड गुंडाळून माझ्याबरोबर रांगेत. तीन नंबरच्या दारावर तिच्या जागी कॅन्टीनवाला उभा केला होता. त्याने तिकीट फाडताना हिच्या हातातली बॅटरी बघितली आणि म्हणाला, "या बॅटरीताई." झालं गुपित.

आत्याला खुर्चीत बसता येत नाही हे मला तेव्हा कळलं. ती खुर्चीच्या काठावर बसली, उठायच्या बेतात. नावांच्या पाट्या सुरू झाल्या आणि उशिरा येणारे आले. कॅन्टीनवाल्याने बॅटरी सरळ त्यांच्या तोंडावर मारली.

"पायावर!" आत्या कुजबुजली. "पायावर धर मेल्या, तोंडाला कुठे पायऱ्या असतात?"

"शूऽऽ," मागून.

मी तिचा हात धरून ठेवला म्हणून ती उठली नाही. मग तिला एकदम लक्षात आलं की समोर पडदा आहे. आणि सुरुवात चालू आहे. एक लहान मुलगा, त्याची आई त्याला अंगणात बुटाची नाडी बांधायला शिकवतेय. आत्याने ओढणी तोंडावरून खाली घेतली.

"हा कोण?"

"हाच तो. दाढीवाला. लहानपणी."

"याला दाढी नव्हती?"

"आत्या, सात वर्षांचा आहे तो!"

"मला काय माहीत! मी बघितला तेव्हापासून त्याला दाढीच आहे."

शेजारची अख्खी रांग हसली. त्यानंतर आत्या थांबलीच नाही. ही कोण, तो कुठे निघाला, फोन का नाही उचलत. पुढच्या रांगेतला माणूस वळून उत्तरं द्यायला लागला, मग त्याची बायको त्याला दुरुस्त करायला लागली. इंटरव्हलला सगळ्यांनी आपापला चहा सांडत आत्यालाच विचारलं, "मग, काय वाटतं, कोण असेल आतला माणूस?" आणि आत्या, जिला सगळं माहीत होतं, मी सांगितलेलं, ती म्हणाली, "थांबा हो. मला बघू द्या ना!"

दुसऱ्या भागात मात्र ती गप्प झाली. जेव्हा त्याची आई त्याच्या फोटोवर थुंकते आणि तो रस्त्यापलीकडून बघत असतो, तेव्हा माझ्या मनगटात तिची नखं रुतली. मोठ्याने, अगदी स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "चुकले रे बाबा मी." कुणी शू केलं नाही.

आणि मग काय झालं सांगू? शेवटची दहा मिनिटं आली आणि ती उठली. सवय! तिला कळलंही नाही. पायरी न बघता, अंधारात, सरळ तीन नंबरच्या दाराशी. कॅन्टीनवाल्याला कोपराने बाजूला केलं. अडसरावर हात ठेवला आणि उभी राहिली. रोजच्या जागी, रोजची दहा मिनिटं. तीच थोबाडीत, तीच कडी, तीच लॉरी. मी पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते. लॉरीत बसायच्या आधी तो वाकून बुटाची नाडी बांधतो. हे तिने रोज चार वेळा बघितलं होतं. आत्ता ती तोंडावर ओढणी दाबून हुंदके द्यायला लागली.

पिक्चर संपला. दिवे लागले. लोक उठले, तीन नंबरकडे आले. दार बंद. आत्या अडसराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून, रडतेय.

"बाई, दार उघडा की!"

"थांबा जरा," आत्या म्हणाली. "माणूस गेलाय."

आता अडीचशे माणसं, बाहेर सोडायचं दार हे एकच, कुणाला बाहेर जाता येईना. मग काय करणार, मतं सुरू! पहिली दहा पावलंच टाकता येईनात, त्यामुळे सगळी खरी मतं तिथेच साचली. एक म्हणे दिग्दर्शकाने रडवायला केलंय, दुसरा म्हणे तुझे डोळे का लाल मग. एक म्हणाला, शेवटी त्याच्या आईला खरं सांगायला हवं होतं. एक बाई म्हणाली, सांगितलं असतं तर ती जगली असती का? शिंपी पुन्हा आला होता, म्हणाला, "खांदा आजही उतरलेलाच आहे, पण आज माझं लक्ष गेलं नाही."

तेवढ्यात हाऊसफुल्ल साहेब गर्दी कापत आले. त्यांच्या मागे एक किडकिडीत माणूस, पाठीला बॅग. कंपनीचा.

"कोण आहे दारात? ... बाई! तुम्ही? सुट्टी आहे ना तुमची!"

"ह्याच का त्या?" कंपनीचा माणूस म्हणाला. "शेवट सांगणाऱ्या?"

मी बोलायला पुढे सरकले. पण माझ्याआधी गर्दीतून कंडक्टर पुढे आला, तोच, चाकवाला, बायकोला घेऊन.

"साहेब, काय सांगितलंय यांनी? यांनी सांगितलं दाढीवाला हरामखोर, म्हणून अख्खा पिक्चर मी त्याला शिव्या घातल्या. नंतर खरं कळलं तेव्हा मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. दुसऱ्यांदा आलो ते त्याची माफी मागायला. आज बायकोला आणलं ते तिला फसवायला."

बायको म्हणाली, "आणि मी फसले! या बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला."

"मी पण," कुणीतरी मागून म्हणालं. "बाकीच्या थिएटरात शेवटाला लोक नुसते टाळ्या वाजवतात. इथे किंचाळतात."

कंपनीचा माणूस आधी हसला नाही. मग हसला. मग इतका हसला की त्याला बॅग उतरवावी लागली. "बाई," तो म्हणाला, "हेच सांगत राहा. अगदी असंच. पिक्चर असेपर्यंत." आणि मॅनेजरना म्हणाला, "यांना हलवू नका दारावरून."

मी आत्याला मिठी मारायला धावले. आत्याने माझ्या खांद्यावरून बघत म्हटलं, "नाही सांगणार."

"अं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. त्याने सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, आईच्यासुद्धा. आता मी पण त्याला हरामखोर म्हणू? माहीत असून?"

हाऊसफुल्ल साहेबांनी घाम पुसला. "बाई, मग स्टँड."

"मग स्टँड," आत्या म्हणाली, अडसर उचलला, दार उघडलं आणि लोक बाहेर गेले. मतं सगळी आतच संपली होती.

बुधवारी सकाळी ती ओट्याशी बसून बॅटरीची काच पुसत होती. मी समोर बसले.

"घाई," ती म्हणाली, "समज, लोकांनी त्याला शिव्या घातल्याच नसत्या. चांगला म्हणाले असते. तर?"

"तर पहिल्या अर्ध्या तासात पकडला गेला असता."

"म्हणजे जेवढे लोक त्याला हरामखोर म्हणत होते, तेवढा तो वाचत होता."

"हो."

तिने काचेवर तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसलं. "आणि त्याला ते चालत होतं."

"आत्या, त्याला तेच हवं होतं."

ती उठली, केस नीट केले, आणि आईला म्हणाली, "वहिनी, मी दारावर जाते."

मी पण मागोमाग गेले. बाराच्या शोची रांग लागली होती. आत्याने आधी चौकटीची काच पुसली, त्याचा चेहरा, डोळे, दाढी, हळूहळू. मग तेच फडकं उचललं, आणि खिळ्याला टांगायच्या आधी मी ऐकलं, ती त्याला म्हणाली, "थोडा वेळ सहन कर हं." आणि त्याच्या चेहऱ्यावर फडकं टांगलं.

रांगेतल्या पहिल्या माणसाने विचारलं, "काय बाई, कसा आहे पिक्चर?"

आत्याने त्याच्या बुटांकडे बघितलं. खूप वेळ. मला वाटलं, गेली, आता खरं बोलणार.

"पिक्चर झकास," ती म्हणाली. "पण तो दाढीवाला..." आवाज फाटला. "मेला. हरामखोर. एक नंबरचा. विश्वास ठेवू नका त्याच्यावर."

तो माणूस बायकोला म्हणाला, "बघ, बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं रागाने. काय भयंकर असेल गं तो!"

तेव्हापासून रोज चार वेळा. शेवटचा शो सुटला, सगळे गेले, की ती फडकं काढून घडी करते.

तर गुरुवारी पिक्चर उतरतोय, पोस्टर पण उतरेल. शेवट तर मी तुम्हाला सांगून बसलेय, पण तरी जा. पिक्चरसाठी नाही, तीन नंबरच्या दारासाठी. रांगेत उभे राहा आणि तिला विचारा, "बाई, कसा आहे पिक्चर?" ती सांगेल ते मान डोलावून ऐका. हसू नका, आणि तुम्हाला खरं माहीत आहे हे अजिबात दाखवू नका. फक्त शेवटाला बाहेर पडताना तिच्यासमोर दोन क्षण थांबा आणि त्या दाढीवाल्याबद्दल एक चांगला शब्द बोला, हळू, रांगेतल्यांना ऐकू जाणार नाही असा. आणि बुटाची नाडी बांधून जा. ती बघणार आहे.